शाळेचा पैसा कुठे अडतो आणि तो प्रश्न विधानसभेपर्यंत कसा न्यायचा

मे महिन्यात आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरून झाल्या की आमच्याकडे घरोघर कौलं परतायचं काम निघतं. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, वाशाला वाळवी लागली असेल तर तोही बदलायचा. घराचं काम घरचे करतात. वाडीतल्या शाळेची कौलं कोणी परतायची? गुरुजी म्हणतात अनुदान आलेलं नाही, केंद्रप्रमुख म्हणतात प्रस्ताव वर गेलाय, पंचायत समिती म्हणते निधी उपलब्ध नाही. मृग लागतो आणि चौथीची मुलं पहिलीच्या खोलीत सरकतात.

मी चार वर्षं आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो, त्यातली दोन अध्यक्ष म्हणून. शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली, पट चौदा. या काळात एवढं कळलं की ‘निधी नाही’ हे उत्तर क्वचितच पूर्ण खरं असतं. निधी कुठल्यातरी लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या रकान्यात असतो, कधी ३१ मार्चला परतही जातो. तो कुठल्या खिशात आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं आणि विचारायची जागाही ठाऊक नसते. शेवटची जागा म्हणजे विधिमंडळ, कारण शाळेवर खर्च होणारा राज्याचा प्रत्येक रुपया तिथे मंजूर होतो. तिथवरची वाट खाली देतो आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे पालक, सरपंच आणि गावाकडे लक्ष ठेवून असलेले चाकरमानी यांच्यासाठी.

आधी खिसे ओळखा

शाळेचा पैसा एका नळाने येत नाही. शिक्षकांचे पगार राज्य सरकार जिल्हा परिषदेमार्फत देतं. अर्थसंकल्पात हा खर्च २२०२ या मुख्य लेखाशीर्षाखाली, म्हणजे ‘सर्वसाधारण शिक्षण’ या नावाने दिसतो. इमारतींसारख्या भांडवली खर्चाचं शीर्ष ४२०२. खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, स्वच्छता यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून ‘संयुक्त शाळा अनुदान’ येतं. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. नव्या खोल्या आणि मोठी दुरुस्ती बहुतेक वेळा जिल्हा वार्षिक योजनेतून होते. ती जिल्हा नियोजन समिती ठरवते आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. त्याशिवाय जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड आहे, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी आहे आणि आमदार निधी आहे.

ग्रामपंचायतीच्या निधीबद्दल एक उपयोगी गोष्ट बऱ्याच सरपंचांनाही माहीत नसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला. शाळेचं शौचालय आणि पिण्याचं पाणी त्यात बसतं. कौलं बसत नाहीत, ती अबंधित ४० टक्क्यांतून मागावी लागतात. चुकीच्या खिशाकडे हात पसरलात तर समोरचा ‘बसत नाही’ म्हणून मोकळा होतो. बरं, तो खोटंही बोलत नसतो.

दर मुलामागे किती, हा सापळा

या भागावर जरा थांबा, कारण पुढे सगळीकडे हाच हिशेब तुमच्या तोंडावर फेकला जातो.

संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १ ते ३० पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. आता भागाकार करा. आमच्या चौदा मुलांच्या शाळेला दर मुलामागे साधारण ७१४ रुपये पडतात. बाजारपेठेच्या गावातल्या शंभर पटाच्या शाळेला दर मुलामागे २५०. कागदावर आमची वाडी श्रीमंत आणि बाजारपेठ गरीब! बैठकीत कोणीतरी हेच सांगतो: छोट्या शाळांवर आधीच जास्त खर्च होतोय.

पण छप्पर मुलं मोजून गळत नाही. दोन खोल्यांचं कौलारू छप्पर चौदा मुलांसाठी असो की चाळीस, कौलं तेवढीच, मजुरी तेवढीच. वीजमीटरचा स्थिर आकार तेवढाच. उलट रस्ता नसलेल्या वाडीत सामान डोक्यावरून न्यायचं म्हणजे मजुरी वाढते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात वर्षाला दहा हजारांत शाळा उभी ठेवायची, त्यातलेही किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, हे गणित घाटावरच्या सपाट गावात कदाचित जमेल. इथे जमत नाही.

म्हणून पहिला नियम: समान म्हणजे न्याय्य नव्हे. मागणी नेहमी ‘दर शाळा’ आणि ‘दर खोली’ या मापाने मांडा, दर मुलामागे नको. दर मुलामागचा हिशेब एकदा मान्य केलात की पुढचं वाक्य ‘मग शाळा एकत्र करू’ हेच असतं. २०२३ मध्ये समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले ते वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवूनच. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकपदं मंजूर करायचे, निकष बदलले, तेव्हा कमी पटाच्या शाळांतल्या शिक्षकपदांचा प्रश्न कोकणातच जास्त पेटला, कारण वाडीवाडीत विखुरलेली वस्ती इथे जास्त. खाडी आडवी असली की नकाशावरचा एक किलोमीटर पायी पाच होतो. शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असं आहे. हे अंतर पायवाटेने मोजून ठेवा, साकव पावसाळ्यात पाण्याखाली जातो का तेही लिहा.

दुसरी विषमता आपणच तयार केलेली आहे, ती कबूल करायला हवी. ज्या गावाचं मुंबईत जोरदार मंडळ आहे, तिथल्या शाळेला रंग, टीव्ही, बाक सगळं मिळतं. गणपतीला आलेले चाकरमानी वर्गणी काढतात. शेजारच्या धनगरवाड्याचं किंवा कातकरी वाडीचं मुंबईत मंडळ नसतं. तिथली शाळा तशीच राहते. अहवालात मात्र ‘लोकसहभागातून सुविधा उपलब्ध’ हे वाक्य केंद्रप्रमुखाच्या हाताखालच्या साऱ्या शाळांसाठी लिहिलं जातं आणि खरी गरज झाकली जाते. तुमच्या मंडळाने काही दिलं असेल तर कोणत्या शाळेला, कधी, किती, हे वेगळं नोंदवून ठेवा. सरकारचा खर्च आणि वर्गणीचा खर्च एका रकान्यात येऊ देऊ नका.

आपला कागद पक्का करा

वरच्या दारात जाण्याआधी शाळेच्या पातळीवर चार गोष्टी हव्यात.

यू-डायस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. त्यातला शाळेचा क्रमांक अकरा आकडी असतो. २७ म्हणजे महाराष्ट्र; पुढचे दोन आकडे जिल्ह्याचे, रायगडचे २४, रत्नागिरीचे ३२, सिंधुदुर्गचे ३३. यू-डायसमध्ये मुख्याध्यापकांनी काय भरलंय ते स्वतः बघा. आमच्या शाळेच्या नोंदीत दोन्ही खोल्या ‘सुस्थितीत’ होत्या. एक खोली प्लास्टिकच्या कागदाखाली होती! कोणी मुद्दाम केलं नव्हतं, मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे ओढली होती. पण वरचा अधिकारी तीच नोंद बघतो आणि त्याच्या दृष्टीने तुमची मागणीच खोटी ठरते. ही दुरुस्ती आधी करून घ्या.

दुसरा कागद शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो व्यवस्थापन समितीने करायचा असतो. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी गुरुजी जुन्या आराखड्यावर नवी तारीख घालतात आणि आपण सही करतो. तसं करू नका. हा आराखडा म्हणजे कायद्याने मान्य केलेली तुमची मागणी आहे. ती आराखड्यात नसेल तर पुढे कोणीही विचारेल, ‘तुम्ही मागितलंच कधी?’

तिसरं, पंचायत समितीच्या कनिष्ठ अभियंत्याकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक. याला वेळ लागतो, चकरा मारायला लागतात. पण अंदाजपत्रक नाही तर तांत्रिक मान्यता नाही आणि प्रशासकीय मान्यताही नाही. इमारत धोकादायक असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडायचा, प्रस्ताव वेगळा जातो. जुनी इमारत कागदावर उभी असेपर्यंत नवीन खोली मिळणं कठीण. वादळाने नुकसान झालं असेल तर पंचनाम्यात शाळेचं नाव त्याच वेळी घालून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आणि पुढच्या मेमधल्या तौक्तेनंतर घरं आणि बागा यांच्या पंचनाम्यांत सगळे इतके गुंतले की शाळेकडे लक्ष द्यायला माणूस उरला नाही, असं आमच्या भागात झालं.

चौथा, शिक्षकांचा हिशेब. मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रत्यक्ष हजर किती आणि ‘कामगिरीवर’ दुसरीकडे किती. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन शिक्षक आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंतरजिल्हा बदल्या झाल्या की शाळा रिकाम्या होतात, शून्य शिक्षकी होतात, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. शिक्षक नसणं हाही निधीचाच प्रश्न आहे. पद रिक्त म्हणजे पगाराची तरतूद अखर्चित.

आकडे मिळवायचे कसे

राज्याचं ‘बीम्स’ हे अर्थसंकल्प वितरणाचं संकेतस्थळ कोणालाही बघता येतं. विभाग आणि लेखाशीर्ष निवडलं की तरतूद किती, वितरण किती, खर्च किती ते दिसतं. तालुक्याचं चित्र मात्र तिथे मिळत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार.

अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘शाळांची स्थिती काय आहे’ असं विचारू नका. हे मागा: मागच्या तीन आर्थिक वर्षांत तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला दुरुस्तीसाठी मंजूर रक्कम, वितरित रक्कम, वितरणाची तारीख, खर्च आणि परत गेलेली रक्कम. तारखेचा रकाना विसरू नका. समग्र शिक्षेत आता समितीच्या खात्यात पैसे साठत नाहीत, खर्चाची मर्यादा येते, म्हणजे अमुक रकमेपर्यंत खर्च करायची परवानगी. मर्यादा फेब्रुवारी-मार्चमध्ये आली आणि ३१ मार्चला बंद झाली तर ‘अनुदान दिले होते, शाळेने खर्च केले नाही’ असं रेकॉर्ड तयार होतं. तारीख हाताशी असेल तरच तुम्ही सांगू शकता की दिलं कधी आणि घेतलं कधी.

मग एक तक्ता करा. वहीतला चालेल. सगळ्या शाळा, पट, खोल्या, तीन वर्षांत मिळालेली रक्कम. वीसच्या आतल्या शाळांखाली लाल रेघ मारा. आमच्या तालुक्याचा तक्ता झाला तेव्हा लाल रेघा आणि शून्य एकाच ओळीत इतक्या वेळा आले की वेगळं भाषण करायला लागलं नाही.

खालच्या पायऱ्या गाळू नका

ग्रामसभेचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना पत्र, प्रत्येकाची पोच. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत विषय यावा म्हणून तुमच्या गटाच्या सदस्याला भेटा. मार्च २०२२ मध्ये रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि बराच काळ प्रशासक राहिले. त्या काळात जिल्हा परिषदेत विचारणारं निवडून आलेलं कोणीच नव्हतं. आमदाराचं दार किती महत्त्वाचं, हे आम्हाला तेव्हाच उमगलं.

आमदाराकडे जाताना

अधिवेशनं वर्षातून तीन. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी बहुधा डिसेंबरात नागपूरला. आम्ही पहिल्यांदा गेलो ते पावसाळी अधिवेशन सुरू झाल्यावर, नऊ पानांचं निवेदन घेऊन. आमदारांनी चहा दिला, निवेदन ठेवून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांचे स्वीय सहायक हळूच म्हणाले, “दादा, प्रश्न द्यायची तारीख केव्हाच गेली. आता पुढच्या अधिवेशनाला या, आणि एवढं मोठं नको. एक पान आणा.” तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावे लागतात. त्यामुळे पहिला फोन स्वीय सहायकांना, तारखेसाठी.

मतदारसंघाच्या आमदाराखेरीज विधान परिषदेत कोकण विभागाचे पदवीधर आणि शिक्षक असे दोन मतदारसंघ आहेत, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. दोन्ही आमदारांना लिहा. एक गंमत लक्षात ठेवा: शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत असतं. तुमच्या वाडीतल्या प्राथमिक गुरुजींना नसतं. त्यामुळे तिथे आपला विषय आपोआप निघेल अशी अपेक्षा धरू नका. शिवाय खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं, म्हणून कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा असं सुचवून विषय मांडणं) हवी असेल तर ती विधानसभेच्या सदस्यामार्फतच.

प्रश्न कसा लिहायचा, यावर सगळं अवलंबून आहे. आमचा पहिला प्रश्न होता: तालुक्यातील शाळांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय? उत्तर आलं, ‘हे खरे नाही’. आणि पुढच्या सगळ्या उपभागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. दुरवस्था कोणी मोजलेली नसते, म्हणून ती सहज नाकारता येते. आकडा नाकारता येत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही असा मसुदा नेला:

‘(१) ___ तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या ___ प्राथमिक शाळांचे छप्पर दुरुस्तीचे प्रस्ताव सन ____ पासून मंजुरीअभावी प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, उक्त कालावधीत शाळा दुरुस्तीसाठी मंजूर, वितरित व खर्च झालेली रक्कम तालुकानिहाय किती आहे;
(३) असल्यास, त्यापैकी वीसपेक्षा कमी पट असलेल्या किती शाळांना निधी देण्यात आला;
(४) असल्यास, उर्वरित शाळांची दुरुस्ती किती कालावधीत पूर्ण करण्यात येणार आहे;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

पहिल्या भागात असाच आकडा घाला जो माहिती अधिकारात त्यांच्याच सहीने तुम्हाला मिळालाय. मग ‘हे खरे नाही’ लिहायची सोय उरत नाही, फार तर ‘हे अंशतः खरे आहे’. सोबत तक्ता आणि पोचांच्या प्रती जोडा. सभागृहात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. बाकीच्यांची छापील उत्तरं येतात, तीही पुरतात. विषय तातडीचा असेल, छप्पर कोसळलं, शाळा शून्य शिक्षकी झाली, तर लक्षवेधी सूचनेसाठी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेसाठी, आग्रह धरा. जिल्ह्यातल्या दोन-तीन आमदारांनी मिळून दिली तर वजन वाढतं, पक्ष वेगळे असले तरी. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर खात्यांनी मागितलेला जादा पैसा, बहुतेक प्रत्येक अधिवेशनात येतात. त्यांत शालेय शिक्षण विभागाने काय मागितलंय ते आमदाराला बघायला सांगा.

उत्तर आल्यावर

बहुतेक लोक इथे थांबतात. वर्तमानपत्रात बातमी येते, व्हॉट्सॲपवर फिरते, विषय संपतो. खरं तर काम इथून सुरू होतं.

‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणजे काही सुरू नाही असं धरून चाला आणि तीस दिवसांनी त्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत माहिती अधिकारात मागा. मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत करू’ असं म्हटलं असेल तर ते आश्वासन ठरू शकतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. कामकाजाचा तो उतारा आमदारामार्फत मिळवून तारखेसह जपा.

पंचायती राज समिती ही आमदारांचीच समिती. ती जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षणातले आक्षेप तपासते आणि जिल्ह्यात दौराही करते. दौरा ठरला की रस्त्यालगतच्या शाळांना रातोरात रंग लागतो, त्यामुळे आडबाजूच्या शाळेचे फोटो आणि एक पानी निवेदन आधीच आमदारामार्फत समितीपर्यंत पोचवा. राज्यपातळीवर कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे, अहवाल विधिमंडळात ठेवले जातात आणि लोकलेखा समिती ते तपासते. त्यांत अखर्चित आणि समर्पित, म्हणजे परत केलेल्या, निधीची प्रकरणं असतात. शालेय शिक्षणाचं पान वाचा. तुमच्या तालुक्यातला प्रकार तिथल्या आक्षेपाशी जुळत असेल तर पुढच्या पत्रात परिच्छेद क्रमांक घाला.

वर्षाचं वेळापत्रक

जूनमध्ये यू-डायसची नोंद आणि गळतीचे फोटो, पाऊस पडत असतानाच. तारीख दिसेल असे काढा. गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हा आराखड्याची बैठक लावा, मुंबईतली मंत्रालयाची फेरी कोण करणार ते तिथेच ठरवा. नवरात्राच्या सुमारास स्वीय सहायकांना फोन, म्हणजे हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न वेळेत जातो. आराखडा डिसेंबरच्या आत सादर, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा त्यानंतर लवकरच ठरतो. शिमग्याच्या धामधुमीत मुंबईत अर्थसंकल्पावर चर्चा चालू असते. पालखी नाचवा, पण मार्चचा तिसरा आठवडा शाळेच्या खर्चमर्यादेवर लक्ष ठेवा आणि कोटेशन आधीच तयार ठेवा.

आमच्या शाळेच्या एका खोलीला तिसऱ्या वर्षी पत्रे बसले, दुसरी अजून कौलारूच आहे. समितीची मुदत दोन वर्षांची, नवे पालक येतात आणि जुने कागद हरवतात. म्हणून फाईल नव्या अध्यक्षाच्या हातात द्या, बैठकीत, इतिवृत्तात नोंद करून. आणि ती शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवू नका. श्रावणात बुरशी धरते. आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, झाकणाला चिकटपट्टी लावून, कोणाच्यातरी माळ्यावर.